दुआ, दवा आणि पुरावा : जादूटोणाविरोधी कायदा आणि आपली घरं

जानेवारी २०२३ ची गोष्ट. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात १०८ वी भारतीय विज्ञान काँग्रेस भरली होती. ३ ते ७ जानेवारी असे पाच दिवस देशभरातले शास्त्रज्ञ, प्राध्यापक आणि विद्यार्थी शहरात होते. त्याच आठवड्यात नागपुरातच बागेश्वर धामचे धीरेंद्र कृष्ण शास्त्री यांची रामकथा सुरू झाली. कथेच्या जोडीला ‘दिव्य दरबार’ होता. समोर आलेल्या माणसाने तोंड उघडण्याआधीच त्याची अडचण कागदावर लिहून दाखवायची, असा तो प्रकार. अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे श्याम मानव यांनी आव्हान दिलं की, आमच्या अटींवर, पंचांसमोर हे करून दाखवा, ३० लाख रुपये देतो. अशी चाचणी काही झाली नाही. समितीने पोलिसांकडे तक्रार केली. पोलिसांनी चित्रफिती तपासल्या आणि गुन्हा दाखल करण्यासारखं काही आढळलं नाही, असं सांगितलं. टीव्हीवर प्रकरण खूप गाजलं आणि मग थंडावलं.

हे वाचून आपल्यापैकी कुणी म्हणेल, हा त्यांच्यातला मामला आहे, आपल्याला काय त्याचं? पण ज्या कायद्याखाली ही तक्रार झाली, त्या कायद्याचा आपल्या घरांशी जवळचा संबंध आहे. तो कायदा नागपुरात मंजूर झाला. त्याखालचा पहिला गुन्हा ज्यांच्यावर दाखल झाला, ती माणसं आपल्यातलीच होती. म्हणून हा कायदा काय आहे, त्याला इतका विरोध का झाला आणि पुरावा मागण्याची सवय आपल्या कामाची कशी आहे, हे नीट समजून घेऊ या.

कायदा येण्याआधीची दहा वर्षं

महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी अनेक वर्षं या कायद्याचा आग्रह धरला. २००३ पासून मसुदे होत राहिले. डिसेंबर २००५ मध्ये विधानसभेने विधेयक मंजूरही केलं, पण पुढे ते अडकलं. हा कायदा हिंदू धर्माच्या विरोधात आहे, वारी, पूजा, व्रत-वैकल्यं सगळी बंद पडतील, असा प्रचार झाला. सनातन संस्था आणि हिंदू जनजागृती समिती उघड विरोधात होत्या. वारकऱ्यांच्या मनातही शंका पेरली गेली. भाजप आणि शिवसेनेने विरोध केला, आणि सत्तेत असलेल्या काँग्रेस-राष्ट्रवादीला मतांची भीती वाटत राहिली. मसुदा पुन्हा पुन्हा सौम्य झाला, तरी विधेयक पुढे सरकेना.

२० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात फिरायला गेलेल्या डॉ. दाभोलकरांचा ओंकारेश्वर मंदिराजवळच्या पुलावर गोळ्या झाडून खून झाला. दुसऱ्याच दिवशी मंत्रिमंडळाने अध्यादेश काढायचं ठरवलं. जे दहा वर्षांत झालं नव्हतं, ते एका माणसाचा जीव गेल्यावर काही दिवसांत झालं. डिसेंबरमध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात अध्यादेशाचं रूपांतर कायद्यात झालं. विधानसभेने १३ डिसेंबरला आणि विधान परिषदेने १८ डिसेंबरला त्यावर शिक्कामोर्तब केलं. खुनाचा खटला लांबला. १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांची निर्दोष मुक्तता केली.

पुढे कर्नाटकने २०१७ मध्ये आणि गुजरातने २०२४ मध्ये असाच कायदा केला.

पहिला गुन्हा

हा कायदा फक्त हिंदूंच्या मागे लागणार, असं विरोधक सांगत होते. अध्यादेश लागू होऊन पंधरा दिवसही झाले नव्हते, तेव्हा सप्टेंबर २०१३ च्या सुरुवातीला नांदेडमध्ये पहिला गुन्हा दाखल झाला. दोन मुस्लिम माणसांवर. कॅन्सर, मधुमेह आणि एड्स चमत्काराने बरे करून देतो, अशी जाहिरात त्यांनी वर्तमानपत्रात दिल्याचा आरोप होता.

या गोष्टीचे दोन अर्थ आहेत. एक म्हणजे कायद्याला धर्म नसतो. दुसरा अर्थ आपल्याला टोचणारा आहे. अशा जाहिराती कुणाला उद्देशून असतात? ज्या घरात कॅन्सरचा पेशंट आहे, दवाखान्याचं बिल परवडत नाही आणि ‘बाबा’चं नाव आपल्या ओळखीचं वाटतं, अशा घराला. नुकसान त्या घराचं होतं. पैसा जातो तो जातोच, पण उपचाराचे जे महिने हातचे जातात ते परत येत नाहीत.

जाहिरातींपुरता याहून जुना कायदाही आहे. १९५४ चा औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा. त्यात ‘जादुई उपाय’ या शब्दाच्या व्याख्येतच ताईत, मंत्र आणि कवच यांचा उल्लेख आहे. कॅन्सर, मधुमेह अशा आजारांवर चमत्कारी इलाजाची जाहिरात करणं तेव्हापासून गुन्हा आहे. तरी रिक्षाच्या मागे, रेल्वेच्या डब्यात, लोकल केबलवर अशा जाहिराती आजही दिसतात.

काय गुन्हा आहे, काय नाही

२०१३ च्या कायद्याला जोडलेल्या अनुसूचीत बारा कलमं आहेत. त्यातली आपल्या घरांशी संबंध येऊ शकतो अशी काही अशी:

भूत किंवा जिन उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोरीने किंवा साखळीने बांधणं, काठीने किंवा चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं, चटके देणं.

चमत्कार करून दाखवतो असं सांगून पैसे उकळणं, लोकांना फसवणं, त्यांच्यात दहशत बसवणं.

एखादी व्यक्ती करणी करते, तिच्यामुळे घरात आजारपण आलं, असं जाहीर करून तिचं जगणं मुश्किल करणं.

कुत्रा, साप किंवा विंचू चावल्यावर माणसाला दवाखान्यात जाण्यापासून रोखणं आणि त्याऐवजी मंत्र-तंत्र, गंडे-दोरे करणं.

बोटाने ऑपरेशन करतो किंवा पोटातल्या गर्भाचं लिंग बदलून देतो, असा दावा करणं.

अंगात खास शक्ती आहे असं सांगून बाईशी शरीरसंबंध ठेवणं.

शिक्षा सहा महिने ते सात वर्षं आणि दंड पाच हजार ते पन्नास हजार रुपये. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. म्हणजे कोर्टाच्या आदेशाची वाट न पाहता पोलीस तपास सुरू करू शकतात.

आता काय गुन्हा नाही, तेही तितकंच महत्त्वाचं. कायद्यात यासाठी वेगळं कलम आहे. घरात, मंदिरात, दर्ग्यात, गुरुद्वारात, चर्चमध्ये केलेली इबादत आणि धार्मिक विधी, ज्यात कुणाच्या शरीराला इजा होत नाही, त्यांना हा कायदा हात लावत नाही. यात्रा, कीर्तन, प्रवचन, उपवास, मन्नत आणि मोहरमची मिरवणूक यांनाही नाही. होऊन गेलेल्या संतांच्या करामती सांगण्यालाही नाही. म्हणजे ताजबागला बाबा ताजुद्दीन यांच्या दर्ग्यावर जाऊन कुणी फातिहा पढली, आजारी मुलासाठी दुआ मागितली, तर कायद्याला त्याच्याशी काही घेणं नाही. त्याच मुलाला ताप मेंदूत गेला असताना ‘दवाखान्यात नेलं तर असर जाईल’ असं सांगून कुणी अडवलं, तर मात्र मामला वेगळा होतो.

दुआ आणि अडवणूक यांच्यामधली ही रेघ आहे. तिच्याबद्दल मतभेद असू शकतात. काहींना कायदा फार सौम्य वाटतो, आणि नागपूरच्या २०२३ च्या प्रकरणात तो तोकडा पडला, असंही अनेकजण म्हणतात. पण ज्या भीतीपोटी तो दहा वर्षं अडवला गेला, ती भीती कायद्याचा मजकूर वाचला तर टिकत नाही.

सत्तेचा शिक्का

पुरावा नाकारण्याचं काम फक्त बाबा-बुवा करतात असं नाही. १९ फेब्रुवारी २०२१ रोजी दिल्लीत पतंजलीच्या ‘कोरोनिल’चा कार्यक्रम झाला. व्यासपीठावर तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन होते आणि नागपूरचे खासदार, केंद्रीय मंत्री नितीन गडकरीही होते. या औषधाला जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार प्रमाणपत्र मिळालंय, अशी हवा झाली. मग त्या संघटनेला सांगावं लागलं की कोविडवरच्या कुठल्याही पारंपरिक औषधाची आम्ही तपासणी केलेली नाही किंवा त्याला प्रमाणपत्र दिलेलं नाही. पुढे इंडियन मेडिकल असोसिएशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने पतंजलीला खडसावलं आणि २०२४ मध्ये कंपनीला वर्तमानपत्रांतून जाहीर माफी छापावी लागली.

मंत्री बाजूला उभा राहिला की सामान्य माणसाला वाटतं, तपासूनच उभा राहिला असेल. सत्तेचा शिक्का पुराव्याच्या जागी बसतो तो असा.

पुराव्याने आपल्याला वाचवलं तेव्हा

आता २०२० आठवा. मार्चच्या शेवटी दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजची बातमी आली आणि दोन दिवसांत सगळ्या देशातला कोरोना जणू तबलिगी जमातमुळेच आला, असं चित्र उभं राहिलं. भाजीवाल्यांची नावं विचारली जाऊ लागली. कोण पॉझिटिव्ह, किती तपासले, कुठून आले, हे प्रश्न कुणी विचारत नव्हतं. परदेशी पाहुण्यांवर गुन्हे दाखल झाले.

२१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. साथ आली की सरकार बळीचा बकरा शोधतं, या अर्थाचं निरीक्षण त्या निकालात आहे. सप्टेंबरमध्ये नागपूर खंडपीठाने म्यानमारच्या आठ नागरिकांवरचा गुन्हा रद्द केला. त्यांनी संसर्ग पसरवला असं दाखवणारा पुरावाच समोर नव्हता.

दफनाचा प्रश्नही त्याच वर्षीचा. ३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेने परिपत्रक काढलं की कोविडने गेलेल्या प्रत्येकाचं, धर्म कोणताही असो, दहनच होईल. आरडाओरडा झाल्यावर ते बदलावं लागलं. नंतर वांद्र्याच्या काही रहिवाशांनी तिथल्या कब्रस्तानात अशा मय्यती दफन करू नयेत म्हणून कोर्टात धाव घेतली. २२ मे २०२० रोजी उच्च न्यायालयाने ती याचिका फेटाळली. मृतदेह दफन केल्याने कोविड पसरतो याला शास्त्रीय आधार नाही, आणि सन्मानाने अंत्यसंस्कार होणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं कोर्ट म्हणालं.

श्रीलंकेत मात्र सरकारने शास्त्रज्ञांचं ऐकलं नाही. दफनाने भूजल दूषित होतं, असं कारण पुढे करून तिथे मुस्लिमांच्या मय्यती जबरदस्तीने जाळण्यात आल्या. त्यात वीस दिवसांचं एक बाळही होतं. ही सक्ती फेब्रुवारी २०२१ मध्ये उठली आणि सरकारने माफी मागितली ती २०२४ मध्ये.

म्हणजे त्या वर्षी आपल्या बाजूने ना संख्या होती, ना टीव्ही. होता तो पुरावा. तो तपासायला तयार असलेलं कोर्ट होतं, म्हणून कब्रस्तानचा दरवाजा उघडा राहिला. जो तराजू तेव्हा आपल्या कामी आला, तोच आपल्या घरात आला की आपल्याला जड वाटतो. असं का?

आपणच पुरावा नाकारला तेव्हा

२७ नोव्हेंबर २०१८ रोजी महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरण मोहीम सुरू झाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांच्या आतल्या सगळ्या मुलांना शाळेतच लस द्यायची होती. मुंबईसह काही ठिकाणी उर्दू शाळांमधून पालकांनी नकार कळवला. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होतं की या सुईने मुलं मोठेपणी नापुंसक होतात, ही आपली संख्या कमी करायची चाल आहे. महापालिकेला मौलानांना, मशिदींना मदतीसाठी साद घालावी लागली.

ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबईत गोवंडी भागात गोवरची साथ आली. मालेगाव आणि भिवंडीतही रुग्ण वाढले. लहान मुलं दगावली. सगळा दोष अफवांना देता येत नाही. कोविडमुळे दोन वर्षं नेहमीचं लसीकरण विस्कळीत झालं होतं, दाटीची वस्ती होती, कुपोषण होतं. पण आजारी पडलेल्या अनेक मुलांना लस मिळालेली नव्हती किंवा दोन्ही डोस पूर्ण झाले नव्हते. गोवराचा एक रुग्ण लस न घेतलेल्या बारा ते अठरा जणांना आजार देऊ शकतो. म्हणून शंभरातल्या पंच्याण्णव मुलांना लस मिळाली तरच साथ थांबते. आपल्या गल्लीतल्या दहा घरांनी नकार दिला तर अकराव्या घरातलं सहा महिन्यांचं बाळ, ज्याचं लसीचं वयच झालेलं नाही, ते धोक्यात येतं.

हा अविश्वास आकाशातून पडलेला नाही, हेही मान्य केलं पाहिजे. १९७६ च्या आणीबाणीत जबरदस्तीच्या नसबंदीने अनेक घरं होरपळली. २०११ मध्ये बिन लादेनचा ठावठिकाणा काढण्यासाठी अमेरिकेच्या गुप्तचर खात्याने पाकिस्तानात लसीकरणाची खोटी मोहीम चालवली, आणि त्याची किंमत पुढे पोलिओच्या कार्यकर्त्यांनी जीव देऊन मोजली. भीतीला इतिहास आहे. पण भीतीचं उत्तरही तपासूनच मिळतं. ही लस जगभरात कोट्यवधी मुलांना दिली गेली आहे आणि तिच्यामुळे वंध्यत्व येतं असं कुठेही दिसलेलं नाही.

हलाल-हरामचा प्रश्न विचारणारे पालक चुकीचं काही विचारत नाहीत. काही लसींमध्ये जिलेटिन वापरलेलं असतं आणि ते कशाचं, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आलिमांनी दिलं आहे. २०१८ मध्येच इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेसमोर हा प्रश्न आला. तिथे वापरायची गोवर-रुबेला लस आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची होती. परिषदेने स्पष्ट म्हटलं की लसीतला घटक हराम आहे, पण दुसरी लस उपलब्ध नाही आणि मुलांचा जीव धोक्यात आहे, म्हणून गरजेपोटी ती वापरणं जायज आहे. प्रश्न दडपला नाही आणि अफवेवरही सोडला नाही.

जुना दाखलाही आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्देमार हाफकिन यांनी लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. लोक घाबरत होते, सरकारी सक्तीने चिडलेही होते. १८९८ च्या मार्चमध्ये मुंबईत विणकरांच्या वस्तीतून दंगल उसळली. त्या काळात तरुण आगाखान सुलतान मुहम्मद शाह यांनी लोकांसमोर स्वतः लस टोचून घेतली आणि त्यांच्या जमातीची भीती कमी झाली. पुढाऱ्याने बाही वर केली की शंभर भाषणांचं काम होतं.

दीन आड येतो का?

पैगंबर (स.) यांचा लहानगा मुलगा इब्राहिम वारला त्या दिवशी सूर्यग्रहण लागलं. लोक म्हणू लागले, त्याच्या जाण्याचंच हे दुःख आहे. चमत्कार स्वतःहून दारात आला होता. पण पैगंबरांनी (स.) तो नाकारला आणि सांगितलं की सूर्य-चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कुणाच्या मरण्या-जगण्यामुळे त्यांना ग्रहण लागत नाही.

प्रत्येक आजाराला अल्लाहने इलाज ठेवला आहे, ही शिकवण बुखारी शरीफमध्ये आहे. साथ असलेल्या मुलखात जाऊ नका आणि तिथे असाल तर बाहेर पडू नका, हेही हदीसमध्येच आहे. आधी उंट बांध आणि मग भरवसा ठेव, ही गोष्ट तर आपल्या मुलांनाही माहीत असते. हजार वर्षांपूर्वी अबू बक्र अल-राझी या हकिमाने देवी आणि गोवर हे दोन वेगळे आजार आहेत, हे रुग्ण बघून, लक्षणं लिहून काढून मांडलं. ज्या गोवराची लस आपण नाकारतो, त्याची ओळख जगाला पटवून देण्यात मुस्लिम हकिमाचा मोठा वाटा आहे.

संविधानही याच दिशेने बोलतं. कलम ५१ क वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणं हे नागरिकाचं कर्तव्य मानतं. आणि धर्मस्वातंत्र्य देणाऱ्या कलम २५ मध्येच सार्वजनिक आरोग्याची अट आहे.

घरात लक्षात ठेवायचं

साप चावला तर चावा कापू नका, चोखू नका, घट्ट आवळून बांधू नका. माणसाला शांत ठेवा, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका आणि १०८ ला फोन करून सरकारी दवाखाना गाठा. नागपुरात मेडिकल आणि मेयो आहेत. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषारी सापांवर एकच प्रतिविष चालतं. दुआ वाटेत पढा, गाडी थांबवू नका.

कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. रेबीजची लक्षणं दिसू लागली की मग माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत. सरकारी केंद्रावर तो फुकट मिळतो. राहिला असेल तर उशीर झाला म्हणून लाजू नका, कार्ड घेऊन जा.

घरातली सून किंवा मुलगी अचानक गप्प झाली, ओरडू लागली, बेशुद्ध पडू लागली, तर जिनचा साया म्हणण्याआधी डॉक्टरांना दाखवा. फिट येणं आणि नैराश्य हे इलाज होणारे आजार आहेत. कुणी तिला बांधून मारायचा सल्ला देत असेल, तर तो गुन्हा आहे, हे त्याला सांगा. तो ऐकत नसेल तर पोलीस ठाण्यात जा.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवर काही आलं की २०२० आठवा. आपल्याबद्दल खोटं पसरत होतं तेव्हा आपण सगळ्यांना एकच विनवत होतो, आधी तपासा, मग बोला. सुईबद्दल, बाबाबद्दल, शेजारणीच्या करणीबद्दल मेसेज पुढे ढकलण्याआधी तेच आपणही करायचं आहे.